उन्हाळी मंडळ आणि आईची हदगावची गाडी

लातूरच्या आमच्या कॉलनीत एप्रिल लागला की संध्याकाळी खुर्च्या अंगणात येतात, आणि खुर्च्यांमागून माणसं. रोज तीच माणसं एकत्र बसली की किस्से घडवावे लागत नाहीत, आपोआप साचत जातात. यंदाचे तर डोक्यात मावेनात, म्हणून सांगून टाकतो. फरक एवढाच की यंदा मला नुसतं हसून भागत नव्हतं, कारण आमची आई घरी होती.

आई हदगावजवळच्या खेड्यात एकटीच राहते. वडील गेल्यापासून तिनं एकदा फोन उचलला नाही की माझा जीव टांगणीला लागतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला आणलं आणि पट्टी निघाल्या दिवसापासून तिनं धोशा लावला, मला गावाकडं सोड. मी आणि माझी बायको ज्योती अक्षरशः हातापाया पडलो. शेवटी मे संपेपर्यंत थांबायला ती कशीबशी तयार झाली.

"हितं बोलू कुणाशी? भिंतीशी?" असं ती म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

*

उन्हाळी मंडळ जाधव सरांनी काढलं. सर म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. शाळा सुटली, पण वेळापत्रक सुटलं नाही!

पहिला कार्यक्रम कुरडयांचा. सगळ्या बायकांनी मिळून एकेका घरच्या करायच्या, गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घालायच्या. आमच्या घरची पाळी आली तेव्हा सरांनी कबुतरं हाकलायला दर तासाला एक असे पुरुष राखणीला नेमले. मीही एक तास होतो.

संध्याकाळी ज्योती गच्चीवर गेली, तर अर्धी साडी रिकामी. कबुतर एकही फिरकलं नव्हतं. ओली कुरडई समोर ठेवून आमच्याकडच्या माणसाला तासभर एकटं बसवायचं, ही चूक फक्त हेडमास्तरच करू शकतो. सर भयंकर चिडले. चौकशी समिती नेमतो म्हणाले.

आई तोवर कोपऱ्यात गप्प उभी होती. कॉलनीत ती पहिल्यांदा बोलली ती तेव्हा.

"समिती कशाला, मास्तर? तुमच्या मिशीला चिकटलंय की."

*

मग पहाटेचा योग सुरू झाला. त्यात आमचे सलीम चाचा. कॉलनीच्या तोंडाशी त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे, आता मुलगा बघतो. सर म्हणाले, शवासन, अंग सैल सोडा. चाचांनी सोडलं. बाकीचे उठले, सतरंज्या गुंडाळल्या, चहाला गेले, तरी चाचांचं शवासन चालूच. सरांनी उठवू दिलं नाही. म्हणाले, इतकं शुद्ध शवासन आजवर कुणाला जमलेलं नाही.

ऊन चढायला लागलं. आई घरी आली, छत्री घेऊन परत गेली आणि चाचांच्या डोक्यावर धरून बसली. नऊच्या सुमारास चाचांनी डोळे उघडले.

"आपा, क्लास सुरू झाला काय?"

त्या दिवशी आई घरी येऊन एकटीच हसत होती. मला फार बरं वाटलं.

*

मात्र या दोस्तीला आंब्यांची नजर लागली. सगळ्यांनी आपापल्या घरचे आंबे आणायचे आणि डोळे बांधून, नुसत्या चवीवरून कुठला कुणाचा ते ओळखायचं, असा खेळ ठरला. सर कापड घेऊन आईकडं आले, तर तिनं हात वर केला.

"आत्ताच उघडून घेतलेत डोळे. परत कशाला बांधता?"

सरांनी तिला परीक्षक केलं. चाचांनी एकामागून एक सगळे आंबे बरोबर सांगितले. टाळ्या पडल्या, पण आईनं निकाल द्यायचं नाकारलं. चाचांच्या डोळ्यांवरचं कापड सोडवून तिनं ते उन्हात धरलं. आरपार दिसत होतं. कापड चाचांच्याच दुकानातलं!

चाचा म्हणाले, हे अस्तर आहे, उन्हाळ्यात हवेशीर बरं. आईनं दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी चाचांनी समजूत काढायला डबाभर आंबेच पाठवले. आईनं ते खाल्ले, पण निकाल काही दिला नाही.

*

मे संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला गाडीत बसवायचं होतं. नांदेडला गाडी बदलून हदगाव. तिनं शब्द पाळला होता, आता मला पाळणं भाग होतं. मला दिवसभर जेवण गेलं नाही.

त्याच संध्याकाळी ज्येष्ठांची संगीत खुर्ची होती. एकेक जण बाद होत शेवटी एक खुर्ची उरली आणि तिच्याभोवती दोघं, आई आणि चाचा. सरांनी नियम पुन्हा वाचून दाखवला : गाणं थांबेपर्यंत बसायचं नाही, आधी बसेल तो बाद. मग पाठ फिरवून त्यांनी मोबाईलवर गाणं लावलं. स्पीकर दणाणला.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "नळ आला!"

आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि त्याला ठरलेली वेळ नाही. हा शब्द कानावर पडला की माणूस पंगतीतून उठतो. मिनिटभरात मैदान रिकामं झालं. मीही पळालो. मोटार लावली, टाकी भरली, ड्रम भरले, कळश्या भरल्या. पाऊण तास गेला. नळ गेल्यावर लक्षात आलं, आई कुठाय?

मैदानाकडं धावलो. गाणी लागूनच होती. सर पाणी भरायला पळताना मोबाईल बंद करायला विसरले होते, आणि एकामागून एक गाणी आपली वाजत होती. आई आणि चाचा खुर्चीभोवती फिरत होते. अगदी हळू, एकेक पाऊल टाकत, दोघांचाही एक हात खुर्चीच्या पाठीवर.

"आपा, थकला असाल तर बसा," चाचा म्हणत होते.

"तुम्ही बसा की आधी."

मागून पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले सर धापा टाकत आले आणि हा प्रकार बघून जागीच उभे राहिले. हळूहळू सगळी कॉलनी जमली. मला राहवेना. म्हटलं, "आई, पुरे आता. सकाळी लवकर उठायचंय, गाडी हाय तुझी."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नजर चाचांवर.

"जाऊ दे गाडीला. मी गेले की हे बसत्यात खुर्चीवर!"