एक नग, एकशे अठरा किलो

लोक देवाच्या कृपेबद्दल लिहितात तेव्हा हात जोडून लिहितात. मला ते जमणार नाही. माझ्यावर कृपा झाली त्या दिवशी मी देवाशी भांडायला निघाले होते, आणि तो राग आजही पुरता गेलेला नाही. तेव्हा आधी रागाचंच सांगते.

ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पिंपरीच्या एका कारखान्यात मी पॅकिंग खात्यात होते. सुटे भाग खोक्यात भरायचे, खोकी पट्टीनं आवळायची, असं काम. तेहतीस वर्षांची होते, लग्न जमलं नव्हतं, का जमलं नव्हतं हे मला बघणाऱ्याला सांगावं लागत नसे. लहानपणापासून मी जाड. जिना चढताना दम लागायचा, गुडघे ठणकायचे, रात्री आडवं झालं की श्वास कोंडायचा. आणि उपदेश? तो मात्र फुकट. भात सोड, उपास कर, सकाळी गरम पाणी पी. जेवणाच्या सुट्टीत माझा डबा उघडला की शेजारणीची नजर आधी माझ्या पोळ्या मोजायची. दोन निघाल्या तर तिला वाटायचं, बाकीच्या मी वाटेतच खाल्ल्या असतील.

तेव्हा परदेशात शिकून आलेल्या एका डॉक्टरांबद्दल कळलं. ते पोट उघडून आतड्याचा मोठा भाग आतल्या आत बाजूला टाकत आणि दोन टोकं जोडून देत. खाल्लेलं अंगी लागायला जागाच उरत नाही, मग माणूस आपोआप उतरतो, असं त्यांनी कागदावर रेघा मारून समजावलं. ऑपरेशनआधी वजनाची नोंद हवी होती, पण त्यांच्या काट्याची सुई शंभराला टेकून थांबली. ते हसले. बरोबरचे शिकाऊ डॉक्टरही हसले. म्हणाले, "कारखान्यात मोठा काटा असेल ना?"

होता. गोदामात होता, खोकी तोलायचा. दुपारी पाळी बदलताना, जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांच्या देखत मी त्या काट्यावर उभी राहिले. गोदामातल्या कारकुनानं नेहमीच्या छापील चिठ्ठीवर लिहिलं. 'वजन' या रकान्यात एकशे अठरा किलो. आणि 'माल' या रकान्यात? क्षणभर पेन थांबवून त्यानं लिहिलं, 'एक नग'. मी ती चिठ्ठी घेतली आणि आभारही मानले. आज आठवलं की स्वतःचाच संताप येतो. तिथल्या तिथे फाडून त्याच्या टेबलावर टाकायला हवी होती.

आई महाळुंग्याला, गावाकडच्या घरी एकटी राहायची. पोट फाडणार म्हटल्यावर ती धावत आली. तिला मी ती चिठ्ठी दाखवून म्हणाले, "बघ, तुझ्या लेकीला काय लिहिलंय." तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. डॉक्टरांनी चिठ्ठी परत दिली तेव्हा घडी घालून तिनं ती कमरेच्या पिशवीत ठेवली. ऑपरेशनच्या दिवशी मी नको नको म्हणत असताना तिनं माझ्या कपाळाला गावच्या भैरवनाथाचा अंगारा लावला आणि वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं नवस बोलली, "नाथा, माजी लेक जित्ती घरी आली तर तिच्या वजनाएवढा गूळ वाटीन." शेजारच्या खाटेवरची बाई मला न्याहाळून म्हणाली, "मग गावाला वर्षभर पुरेल." भुलीचं औषध मिळेपर्यंत माझ्या कानात तेच वाक्य होतं.

मी जिवंत परत आले. आणि उतरू लागले. महिन्याला सात-आठ किलो. जे खायचे ते तासाभरात निघून जायचं. दिवसातून दहा-बारा वेळा. डॉक्टर म्हणाले, असं होणारच, हे ऑपरेशन लागू पडल्याचं लक्षण. हातापायांत गोळे येऊ लागले, केस पुंजक्यानं गळू लागले. आणि बाहेर काय चाललं होतं? कौतुक! ज्या बायका माझ्या पोळ्या मोजायच्या त्या म्हणू लागल्या, "अगं, काय सुरेख दिसतेस!" गोदामातला तो कारकूनसुद्धा म्हणाला, "बाई, आता आमच्या काट्याची गरज नाही." मी आतून झिजत होते आणि सगळं जग टाळ्या वाजवत होतं. मला काय झालंय, हे एकानंही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या टाळ्या गोड लागत होत्या, म्हणून मीही कुणाला सांगितलं नाही. त्या रागातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे.

श्रावण संपता संपता आईचा निरोप आला. चैत्रातल्या यात्रेत तुझी तुला करायची, गुळाचं आत्तापासूनच बोलून ठेवलंय, कधी येतेस? माझं डोकं फिरलं. देवळासमोर, सगळ्या गावासमोर, मला पुन्हा काट्यावर बसवणार? वजन हा शब्द माझ्या आयुष्यातून जाईल म्हणून मी पोट फाडून घेतलं, आणि ही बाई देवाच्या नावानं मला परत तागडीत घालते! शनिवारी सुट्टी टाकून मी निघाले. आईला सांगायचं होतं, नवस परत घे. देवाला रागवायचं असेल तर माझ्यावर रागवू दे.

चाकणला उतरले. शनिवारचा बाजार, कांद्याची आवक जोरात. महाळुंग्याकडची गाडी बाजाराच्या पलीकडून सुटायची, म्हणून पोत्यांच्या थप्प्यांमधून चालू लागले. मध्येच हाताची बोटं वाकडी होऊन आखडली. मग पाय माझे राहिले नाहीत. मी एका थप्पीला टेकत खाली बसले.

"ओ बाई, मालावर बसू नका," कुणीतरी ओरडलं. बाजारातला मापाडी होता, म्हणजे शेतकऱ्याचा माल तोलून देणारा. साठीचा, काटकुळा, खांद्यावर कांद्याच्या सालींचा कचरा. मला उठवायला त्यानं माझं मनगट धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आजारी हाय का?"

"नाही," मी म्हणाले. त्या अवस्थेतही मला ऐट होती. "वजन कमी केलंय."

त्यानं मनगट सोडलं नाही. दोन बोटांनी हलकं दाबून पाहिलं.

"बाई, वखारीत ठिवलेला कांदा घटतोच," तो म्हणाला. "वाळून घटला तर हातात टणक लागतो, टिकतो. आतनं सडला तर त्यो बी हलकाच लागतो, पर दाबला की कळतं. ही घट चांगली न्हाई. गावाला जाऊ नका तुमी. पुन्याच्या मोठ्या दवाखान्यात जावा. आत्ताच."

मी चिडले. म्हणजे आता मी कांदा! पण भांडायला तोंडातून शब्द निघेना. त्यानं पुण्याला निघालेला एक टेंपो थांबवला, कांदे निवडणाऱ्या बायकांपैकी एकीला सोबत बसवलं आणि चालकाला म्हणाला, "माल नंतर उतरीव, आदी बाईला उतरीव." त्या बाईनं वाटभर माझं डोकं मांडीवर धरलं होतं. तिच्या लुगड्याचा कांद्याचा वास मला अजून आठवतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि धावपळ सुरू झाली. अंगातले क्षार इतके उतरले होते की, त्या म्हणाल्या, आणखी एक दिवस गेला असता तर हृदय थांबलं असतं. तीन आठवडे सलाइनवर काढले. मग त्यांच्या सर्जननी पोट पुन्हा उघडलं आणि बाजूला टाकलेलं आतडं बरंचसं परत जोडलं. काही वजन परत आलं. शेवटी एक्याण्णववर स्थिरावले. ज्या बायका सुरेख म्हणाल्या होत्या त्या भेटायला आल्या आणि माझ्या अंगाकडे बघून चुकचुकल्या.

खाटेवर पडल्यापडल्या एकच गोष्ट डोक्यात घोळायची. आईनं तो नवस बोलला नसता तर त्या शनिवारी मी पिंपरीच्या खोलीत दार लावून एकटी पडून असते. मी नवस मोडायला निघाले, म्हणून त्या थप्पीपाशी पोचले. आणि सगळ्या जगाला जे दिसलं नाही ते अशा माणसाला दिसलं, ज्याचं पोटच वजनावर चालतं. याला काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नाही. पण त्यानंतर नवस परत घे असं मी आईला म्हणाले नाही.

बरी झाल्यावर मापाड्याला भेटायला गेले. त्याला मी आठवलेच नाही! "रोज शेकड्यानी पोती हातावरनं जात्यात, बाई, मानसं कुटं ध्यानात ठिवू?" मी रागावले आणि मग मलाच हसू आलं. आईच्या नवसाचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काटा मी घिऊन येतो."

चैत्रातल्या यात्रेला देवळासमोर तीन वासे उभे करून त्यानं मोठा काटा टांगला. मी मान खाली घालून पारड्यात बसले. समोर सगळा गाव. मापाडी दुसऱ्या पारड्यात गुळाच्या दहा-दहा किलोच्या ढेपा ठेवू लागला. बाजारात मोजतात तसं एकाला एक न म्हणता 'लाभ' म्हणून, सुरात. लाभ, दोन, तीन, चार... नऊ ढेपा आणि वर एक किलोची भेली झाली, दांडी सरळ झाली. मी उठू लागले.

"बस खाली," आई म्हणाली. "अजून हाय." कमरेच्या पिशवीतून तिनं ती चिठ्ठी काढली आणि मापाड्याच्या हातात दिली. त्यानं मोठ्यानं वाचलं, "माल, एक नग. वजन, एकशे अठरा." कुणीतरी हसलं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"मावशे," मापाडी म्हणाला, "पारड्यात हाय तेवढंच मी तोलनार. बाकीची घट धरा."

"घट कांद्याला, बाबा," आई म्हणाली. "नवसाला घट न्हाई. म्या देवाला बोलले तवा माजी लेक एवढी व्हती. तिच्यातलं काय बी मला जास्तीचं नव्हतं."

मापाड्यानं क्षणभर आईकडे पाहिलं. मग आपली लोखंडी वजनं उचलली. वीस, पाच आणि दोन. ती त्यानं माझ्या पारड्यात, माझ्या शेजारी, जपून ठेवली. माझं पारडं पुन्हा खाली आलं. आणि तो पुन्हा ढेपा ठेवू लागला. मी त्या विसाच्या थंड लोखंडावर हात ठेवून रडत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. तेहतीस वर्षं जे अंग सगळ्यांनी कमी करायला सांगितलं, ते एका बाईनं देवासमोर पुरतं मोजून दिलं होतं. दांडी सरळ झाली तेव्हा गाव ओरडला, "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" त्यात माझाही आवाज होता.

त्या डॉक्टरांवर, त्या कारकुनावर, त्या चुकचुकणाऱ्यांवर माझा राग आहे. तो मी देवाला सांगते आणि तोही ऐकून घेतो. शरण जाणं म्हणजे राग सोडणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आहोत तेवढं सगळं, रागासकट, पारड्यात बसायचं. उरलेलं कसं भरून काढायचं ते त्याला कळतं, आणि त्यासाठी तो कधी आई पाठवतो, कधी कांद्याच्या सालींनी भरलेला माणूस.

ती चिठ्ठी माझ्या देव्हाऱ्यात आहे. तोललेल्या मालाच्या चिठ्ठीवर शेरा मारल्याशिवाय मापाडी ती परत देत नाही; ती त्याची रीत. त्या दिवशीही कानामागची पेन्सिल काढून त्यानं 'एक नग'च्या खाली लिहून दिलं, 'पूर्ण मिळाला'.