बायोडेटातला शूरवीर

खांदा कॉलनीतल्या विश्वजीत कर्णिकांच्या मते मनुष्यजातीचे दोनच भाग पडतात. ज्यांनी काल्पनिक पात्र बनून टेबलावर फासे टाकलेत ते, आणि उरलेला गाळ. वय सत्तेचाळीस, नोकरी विम्याच्या कचेरीत. पण रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये हा गृहस्थ राज्यं उभी करायचा आणि चहा यायच्या आत बुडवायचा. खेळ साधा. प्रत्येकाने कागदावर एक पात्र रचायचं. विश्वजीत गोष्ट सांगणार, आपलं पात्र काय करतंय ते आपण बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार.

पण जुने खेळाडू एकेक करून पुण्याला गेले, कॅनडाला गेले, एकजण तर चक्क व्यायामाला लागला. सोसायटीच्या सेक्रेटरी शोभाताईंनी बजावलं होतं, "आज निदान तीन माणसं दिसली पाहिजेत. नाहीतर हॉल हास्यक्लबला. ते हसतात तरी!"

तीन माणसं आली. करंजाड्याहून वरद आणि वल्लरी हे नवराबायको, आणि उरणकडचा कुंदन, बंदरात क्रेन चालवणारा. विश्वजीतने कोरे कागद वाटले. "पात्र रचा. तो कोण, त्याला काय हवंय, काय खुपतंय." अर्ध्या तासाने त्याने वरदचा कागद उचलला.

नाव वीरसेन. उंची पाच फूट अकरा. वर्ण गोरा. निर्व्यसनी. स्वतःचा किल्ला, दोन बुरूज, पार्किंगसह. मामा सेनापती, निवृत्त.

"हे काय आहे?"

"कॅरेक्टर, सर."

"हा लग्नाचा बायोडेटा आहे!"

"मग माणसाची माहिती आणखी कशी लिहितात?" वरदने निरागसपणे विचारलं.

वल्लरीची चेटकीण मनमिळाऊ होती, द्विपदवीधर होती आणि लग्नानंतरही चेटूक चालू ठेवण्याची तिची इच्छा होती. 'दोष' असा रकाना स्वतःच आखून त्यात दोघांनीही 'नाहीत' असं ठणकावून लिहिलं होतं. या लोकांना स्वप्नंसुद्धा बिल्डरचं माहितीपत्रक वाचूनच पडत असणार, असं विश्वजीतला वाटलं.

"तुझं काय?" त्याने कुंदनला विचारलं.

"माजा राक्षस हाय दादा. डोंगरावं एकलाच ऱ्हातो. शिक्षान कमी हाय, म्हनून तो रकाना मोकला सोरलाय."

"राक्षस मी चालवतो! तुम्ही त्याला मारायचं असतं."

"मारायचा कशाला? त्यानं काय केलाय?"

"खरंच," वल्लरी कळवळली. "एकटाच राहतो बिचारा. स्थळं बघतायत का त्याला?"

'उठा आणि चालते व्हा' हे शब्द विश्वजीतच्या ओठांवर आले, तेवढ्यात दारात शोभाताई दिसल्या. त्या बोटाने डोकी मोजत होत्या. विश्वजीतने ते शब्द एरंडेल घ्यावं तसे गिळले आणि घाईने गोष्ट सुरू केली.

"घनदाट अरण्य. वीरसेनासमोर चेटकीण उभी आहे. वीरसेन काय करतो?"

"घरी कोण कोण असतं, विचारतो."

"आधी सांग, किल्ला कुणाच्या नावावर आहे?" चेटकीण कडाडली.

"बाबांच्या."

"बघा! चार वर्षांपूर्वी मला हेच सांगितलं नव्हतं यानं!"

"वयनी, शांत व्हा," राक्षस मध्ये पडला. "मी बसतो मदे. दोनी बाजूंचा ऐकू."

वल्लरीने वीस बाजूंचा फासा टाकला, पडले एकोणीस. किल्ला चेटकिणीच्या नावावर झाला. वरदने कपाळाला हात लावला. शोभाताईंनी खुर्ची ओढली. "मुलीकडून बोलायला कुणीच नाही? मला मावशी करा हो!"

"ताई, यात युद्ध असतं," विश्वजीत क्षीण आवाजात म्हणाला.

"तेही होईल, मानपान ठरू द्या. हॉल वर्षभर तुमचाच. पुढच्या रविवारी हास्यक्लबलाही आणते, मुलाकडची माणसं कमी पडतायत."

विश्वजीतने त्या चौघांकडे, झुरळांचं संमेलन बघावं तसं बघितलं. मग तीन महिने खपून काढलेला रणांगणाचा नकाशा त्याने उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"मावशी," तो दातओठ खात म्हणाला, "उंची किती लिहू?"