पेन्सिलचा ठिपका

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही मद्रासला, वेलचेरीत राहत होतो. मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत आकडेवारीच्या विभागात होतो. घरापासून दहा मिनिटांवर, तळ्याकाठच्या झोपड्यांसाठी चालवलेला एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी तिकडचं, माझं साताऱ्याचं. घाई असली की दोघंही तमिळवर यायचो.

दवाखान्याला कुणीतरी जुना कंप्यूटर दिला होता आणि डॉक्टरीणबाईंच्या ओळखीतून परदेशातून दोन फ्लॉपी आल्या होत्या. त्यांत रुग्णांच्या नोंदी ठेवायचा प्रोग्राम होता. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं: वापरा, प्रती करून वाटा, गरजेप्रमाणे बदला. शनिवारच्या सुट्टीत तो चालवून द्यायचं मी कबूल केलं होतं, पण फुकटची वस्तू म्हणून मला आधी संशयच आला. तीन शनिवार मी खोटी नावं घालून तो तपासला. एकदाही चुकला नाही. मग मी क्षयरोग्यांचं रजिस्टर त्यात उतरवायला घेतलं.

क्षयाच्या गोळ्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात आणि थोडं बरं वाटलं की माणसं त्या सोडतात. सात दिवसांहून जास्त कुणी आलं नाही, की प्रोग्राम त्याचं नाव पत्त्यासह छापून द्यायचा. ती यादी घेऊन दवाखान्याची एक कामवाली बाई घरोघर जायची. चालणं वाचावं म्हणून मी यादी गल्लीवार लावून देत असे.

रजिस्टर दवाखान्यातल्या जुन्या नर्सचं होतं. बारा नावांआधी तिने पेन्सिलने ठिपके दिले होते. प्रोग्राममध्ये ठिपक्याला जागा नव्हती, म्हणून मी ते सोडले. त्यांतल्या एका नव्या नवरीचा पत्ता तिने मद्रासबाहेरच्या गुम्मिडिपूंडीचा लिहिला होता. एक्स-रेच्या चिठ्ठीवर मात्र वेलचेरीचा होता, आमच्या पलीकडच्या गल्लीतला. मला चुकीचा पत्ता बघवत नाही. मी तो दुरुस्त केला.

आडी महिन्यातल्या, म्हणजे तिकडच्या आषाढातल्या, एका शनिवारी नऊ नावांची यादी निघाली. घरोघर जाणारी बाई ती पिशवीत घालून गेली. थोड्या वेळाने नर्सने माझ्या टेबलावरची प्रत उचलली.

"सार, हिचं नाव यात कसं?"

"बारा दिवस आलेली नाही."

"आडीत नवी सून सासरी असते का? आईकडे गेलीय. महिन्याच्या गोळ्या मीच बांधून दिल्यात." मग तिचं बोट थांबलं. "हा पत्ता कुणी घातला?"

"मी. रजिस्टरात चुकला होता."

"चुकला नव्हता. तो तिच्या आईकडचा पत्ता. ठिपका बघितला नाही? ठिपका म्हणजे घरी जायचं नाही. सासरी माहीत नाही. कळलं तर आईकडेच ठेवतील तिला, कायमची."

"मग हे लिहून का नाही ठेवलं?"

"लिहून ठेवायचं असतं तर ठिपका कशाला दिला असता?"

डॉक्टरीणबाई आतून एवढंच म्हणाल्या, की तिच्या थुंकीत आता जंतू नाहीत, घरच्यांना धोका नाही. धोका आहे तो तिलाच. मी सायकल काढली. बाईला निघून वीस मिनिटं झाली होती. एका घराला दहा मिनिटं लागतात. ते घर यादीत तिसरं होतं. मीच लावलेली यादी, त्यामुळे हिशोब चुकण्याची आशा नव्हती.

बाई ओट्यावर ताकाचा पेला घेऊन बसली होती. समोर मुलीची सासू उभी होती.

"हे कोण?" सासूने विचारलं.

"कंप्यूटर सार. दवाखान्यात नावं टाइप करतात."

"बरं झालं आलात. माझ्या सुनेला कसल्या गोळ्या चालू आहेत?"

"सांगितलं ना अम्मा," बाई म्हणाली, "रक्ताच्या. अंगात रक्त कमी आहे."

"तू थांब. सारना सांगू दे. शिकलेले आहेत."

"रक्ताच्या," मी म्हणालो.

"मग लपवायच्या कशाला?"

सासू आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली.

आडी संपायला एकोणीस दिवस होते. मी ते रोज मोजले. जेवताना बायको म्हणाली, "अहो, तिसऱ्यांदा विचारतेय, भात वाढू का?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आखाडात मीही गेले होते माहेरी. तुमच्या कंप्यूटरला माहेर कळत नाही हे समजू शकते. तुम्हाला?"

दरम्यान दुसऱ्या एका दवाखान्याने प्रोग्रामची प्रत मागितली. मी त्यांना थांबवलं. बदला, असं पत्रात होतंच. दोन शनिवार खपून मी प्रोग्राममध्ये एका अक्षराचा रकाना घातला. त्यात ठिपका दिला की नाव घरोघरच्या यादीत येत नाही, फक्त नर्सला दिसतं. बाराही ठिपके मी स्वतः घातले, तिला शेजारी बसवून. मगच प्रत दिली.

आडी संपली. पहिल्या शनिवारी मुलगी आली नाही. त्या आठवड्यात मी दोनदा त्या गल्लीतून सायकलने गेलो, थांबलो मात्र नाही.

पुढच्या शनिवारी ती सासूबरोबर आली. तिचा चेहरा मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

"सार, या गोळ्या रोज सकाळी मी समोर उभी राहून घ्यायला लावते," सासू म्हणाली. "तरी बारीकच. अजून किती दिवस रक्त भरायचं?"

"डॉक्टर सांगतील तोपर्यंत," नर्स म्हणाली आणि पुडी बांधू लागली. मुलगी खाली बघत होती. सासूला कळलंय की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी तिची हजेरी भरली. पत्त्याच्या रकान्यात अजून मीच घातलेला वेलचेरीचा पत्ता होता; तो मी पुसला.

"पत्ता काय घालताय?" नर्सने हळूच विचारलं.

"रजिस्टरात आहे तोच," मी म्हणालो, आणि गुम्मिडिपूंडी टाइप केलं.