बसला लागलेला पहिला हात

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझरच्या जागेसाठी मी मुलाखतीला निघालो होतो, आणि बस नेमकी पंचगंगेच्या पुलाअलीकडे बंद पडली. आम्ही सगळे खाली उतरलो आणि सगळेच पुढारी झालो. त्यात एक खरा पुढारीही होता, साखर कारखान्याच्या इलेक्शनच्या प्रचाराला निघालेला. "तरणी पोरं मागनं धक्का मारा, म्हातारी बाजूला!" इस्त्रीच्या बाह्या सांभाळत तो ओरडत होता. जागचं मात्र कोणी हलत नव्हतं.

बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या मावशी शेवटी पुढे आल्या. त्यांनी जेवणाचा डबा रस्त्याकडेला ठेवला, पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि एकट्याच बस ढकलायला लागल्या.

"ओ मावशी, तुमच्यानं हुतंय व्हय?" पुढारी हसला. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. मला राहवेना, मी हात लावला. मग दुसरा आला, तिसरा आला. शेवटी इस्त्रीच्या बाह्याही वर चढल्या. बस गुरगुरली, धडधडली आणि सुरू झाली! कुस्ती मारल्यासारखे आम्ही ओरडलो.

"मावशी, एकट्या तुमच्यानं बस हलली असती का?" मी विचारलं.

डबा उचलत त्या म्हणाल्या, "बस कुठली हलतीया, पावणं? मला माणसं हलवायची हुती की."

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "कामगारांनी ऐकलं नाही तर काय कराल?"

मी काळे झालेले तळहात पुढे केले आणि सकाळची हकीकत सांगितली.

साहेब हसले. म्हणाले, "उद्या हेच हात घेऊन कामावर या."