पाय चालेनात ते दिवस

ताई बाळंतपणात गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आम्ही ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहायचो. ताईचं सासर कल्याणला. तिचं तान्हं मूल आमच्याकडेच होतं. महिनाभरात मोठ्या माणसांनी ठरवलं, की पोराला परकी आई आणण्यापेक्षा धाकटीलाच त्या घरी द्यावं. मला कुणी विचारलं नाही. मीही नाही म्हटलं नाही. बाळ दिवसभर माझ्याच मांडीवर असायचं. त्याच्याकडे बघून नाही कसं म्हणणार?

बोलणी पक्की झाली त्याच आठवड्यात एका सकाळी मी उठायला गेले, तर पाय उचलेनात. दुखत नव्हते, नुसते जड झाले होते. आईने तेल चोळलं. आत्याने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेवटी वडिलांनी मला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यांवर ठोकून पाहिलं, तळव्याला टाचणी टोचली आणि पायांत काही दोष नाही म्हणून सांगितलं. घरी आत्या म्हणाली, ही सगळी नाटकं आहेत.

एका दुपारी आई माझी वेणी घालत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने हळूच विचारलं, "खरं सांग, तुला तिथे जायचं नाहीये का?"

"मला उभं राहता येत नाहीये गं," मी म्हटलं. मला तेवढंच ठाऊक होतं.

दोन महिने वाट पाहून ताईच्या सासूबाई आल्या. रागावल्या नाहीत. घरात हिंडतं-फिरतं माणूस हवं, एवढंच म्हणाल्या आणि बाळाला घेऊन गेल्या. पुढे नात्यातलीच एक मुलगी त्यांनी केली.

पाय काही दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आधी भिंत धरून, मग आईचा खांदा धरून, असे चार महिने गेले. मी बाजारात दिसू लागले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, लग्न मोडलं आणि पाय सुटले बघा.

पुढे मी शाळेत शिकवलं, लग्नही उशिरा झालं. आईने तो प्रश्न पुन्हा कधी काढला नाही. मी सोंग केलं नव्हतं, हे इतक्यांदा सांगून झालंय, की आता सांगायचाही शीण येतो. बाळाची मांडीवरची ऊब मात्र कितीतरी दिवस गेली नाही.