निंबाच्या गल्लीतले चाचा

“बसा की जरा. सावली काय पळून जाती व्हय?”

आमच्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला चाचा असं म्हणायचे. पळून मात्र सावलीच जायची, आणि तिच्यामागोमाग चाचांची बाज. सकाळी ती आमच्या दारापुढं, दुपारी वकिलांच्या ओट्याशी, उन्हं कलली की स्वतःच्या फाटकात. दिवसभरात चाचा सगळ्या गल्लीचे पाहुणे होऊन जायचे.

निजामाच्या राज्यातलं मोमिनाबाद ते, आजचं अंबाजोगाई. मी नवी सून म्हणून तिथं आले, तेव्हा दोन्ही अंगांचे निंब वर असे भिडलेले होते, की वैशाखातही डोक्यावरचा पदर तापत नसे. चाचा कचेरीतले जुने पेशकार, साहेबापुढं कागद मांडणारे, आता पेन्शनीत निघालेले. घरात एकटेच. बीबी कधीच गेली होती; तिनं लावलेलं डाळिंब अंगणात होतं. सासूबाईंचं नि त्यांचं रोज बोलणं चाले, पण रस्त्यावरून. त्यांच्या फाटकाच्या आत सासूबाई कधी गेल्या नव्हत्या.

एका हिवाळ्यात प्लेग आला. उंदीर पडू लागले तशी गल्ली रिकामी झाली. सगळे शेतात झोपड्या घालून राहायला निघाले. चाचा हलेनात. सासूबाईंनी परोपरीनं सांगून पाहिलं. शेवटी चाचांनीच विचारलं, “तुमच्या तुळशीला मी पानी घातलं तर चालंल का?”

सासूबाईंनी एकवार तुळशीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “पानीच घालायचं ना? घाला की.”

चैत्रात आम्ही परतलो. निंब मोहरले होते. दारोदारची तुळस हिरवी होती. चाचा तेवढे निम्मे झाले होते, आणि त्यांच्या अंगणातलं डाळिंब वाळून गेलं होतं.

“ह्याला कावून न्हाई घातलं?” सासूबाईंनी फाटकातून विचारलं.

विहिरीचं पाणी ओढायला हातात जोर राहिला नव्हता, असं चाचा म्हणाले. मग हसले. “बीबीची समजूत काढता येती. तुमची कोन काढनार?”

त्याच वर्षी जावई त्यांना हैदराबादेला न्यायला आला. आम्ही सगळ्या दारात उभ्या होतो. सासूबाईंनी विचारलं, “तिथं झाडं हायत का?”

“मकान पक्कं हाय,” चाचा म्हणाले.

त्यानंतर कितीतरी दुपारी माझे कान उगाच बाहेर लागून राहायचे. गल्ली तीच, गारवा तोच. पण जाणारे न थांबता निघून जायचे.

पुढच्या फाल्गुनात तिकडून आलेल्या कुणीसं सांगितलं, चाचा गेले. सासूबाईंनी केरसुणी घेतली आणि चाचांचं फाटक ढकलून त्या आत गेल्या. दिवेलागण झाली तरी परतल्या नाहीत, म्हणून मी पाहायला गेले. अंगण झाडून लख्ख केलेलं होतं, आणि सासूबाई चाचांच्या पायरीवर बसल्या होत्या.

मी शेजारी टेकले. वरून निंबाची पानं पडतच होती.