दातांतला पदर

शेतात औषध फवारणाऱ्यांसाठी मी कपडे शिवते, आणि काळजी करणं हा माझा जोडधंदा आहे, असं नवरा म्हणतो. त्या आठवड्यात मला त्याचं चिडवणंही सोसवत नव्हतं. डभोईजवळच्या गावातली एक सून माझा नवा पोशाख घालून पहिल्यांदा कपाशीवर फवारणार होती. तिचा नवरा बडोद्याला कारखान्यात, म्हणून फवारणी तिच्याकडे. आदल्या हंगामात ती वांत्या होऊन शेतातच कोसळली होती. यंदा तसं झालं असतं तर मी दोष औषधाला देऊ शकले नसते.

पोशाख तसा बरा जमला होता. पंप गळतो म्हणून पाठीला पाणी न शोषणारं जाड कापड, उकडू नये म्हणून काखेत जाळी. वर हातमोजे, मास्क, टोपी. साडी सोडायला ती तयार नव्हती, म्हणून सगळं साडीवरूनच चढवायचं. दोन ओळी फवारून ती म्हणाली, "बेन, आमां गरमी नथी थती." यात उकडत नाही म्हटल्यावर मी इतकी खूश झाले की बांधावर बसून डबाच उघडला.

तेवढ्यात तिचे सासरे पाण्याची कळशी घेऊन आले. त्यांच्यासमोर ती तोंड दाखवत नाही, बोलत तर मुळीच नाही. तिने झटकन मास्क हनुवटीखाली ओढला, टोपीतून पदर काढला आणि दातांत धरला. औषधाने ओल्या झालेल्या हातमोज्याने.  मी ओरडतच धावले, तिला चुळा भरायला लावल्या. मग दुपारभर विचारत बसले, चक्कर येते का, मळमळतं का. ती हसत होती. उघडलेला डबा मी तसाच बंद केला.

"मास्कने तोंड झाकलेलंच होतं ना?" मी म्हटलं.

"ए तो तमारुं," ती म्हणाली. "लाज तो साडीनी ज." लाज म्हणजे त्यांच्याकडे घुंगट; तो साडीचाच लागतो, माझा मास्क त्यात मोजत नाहीत.

बडोद्यात सुभानपुऱ्याला घरी येऊन मी टोपीला पुढून पडदा लावला आणि उसवला. कापडाने भागणार नव्हतं, तिच्या सासऱ्यांशीच बोलायला हवं होतं. आमच्या घरात बायका डोक्यावर पदर घेत नाहीत याचा आम्हाला केवढा तोरा! पण माझ्या सासऱ्यांना मी आजवर साधं "जरा सरका" म्हणू शकलेले नाही. पुढच्या फवारणीला बसमध्ये वाक्यं घोकत गेले आणि म्हाताऱ्यांसमोर चाचरत बोलले: तुम्ही आलात की तिच्या तोंडात विष जातं. ते कळशी उचलून चालू लागले. मला वाटलं, आता पोशाखही परत देतील.

त्या दिवशी फवारणी सुरू झाल्यावर ते आले, पण लांबूनच खाकरले आणि आमच्याकडे पाठ करून बांधावर उभे राहिले. सुनेचा हात अर्ध्यावर उठला, थांबला, पुन्हा पंपाच्या दांड्यावर गेला. माझा जीव भांड्यात पडतोय तोच वारा फिरला. फवारा सरळ त्यांच्या उघड्या मानेकडे चालला होता, आणि पाठ फिरवलेल्या माणसाला ते कळणार कसं? मी उठायच्या आत मास्कमधून तिचा आवाज आला.

"बापुजी, पवन तमारी बाजू छे. आघा जाव."

 ते मागे वळून न बघता "हा, बेटा" म्हणाले आणि लांब गेले.